साधनेची कांडी स्वतः घडवायची असेल तर : लाकूड, वेळ आणि घरातली माणसे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहता, दोन वर्षांपासून पाश्चात्त्य पद्धतीच्या विधींचा अभ्यास करता आणि रोज पहाटे दिवा लावून अर्धा तास बसता. ऑनलाइन १,८०० रुपयांना मागवलेली ‘सिद्ध केलेली’ कांडी, म्हणजे विधीत हातात धरायची छोटी काठी (इंग्रजीत ‘वाँड’), हातात घेतली की काहीच वाटत नाही, म्हणून आता ती स्वतः घडवावी असे तुमच्या मनात आहे. पुस्तकांत हेझेल, ओक आणि विलो सांगितले आहेत आणि यांतले एकही झाड तुमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर नाही. तेव्हा लाकूड कोणते घ्यावे, मुहूर्त कोणता, लांबी किती आणि टोकाला स्फटिक लागतोच का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. त्यानंतर अगदी शेवटच्या ओळीत, आईला हे आवडत नाही आणि शेजारी करणीची कुजबुज करतात, असेही तुम्ही लिहिले आहे. चारही प्रश्नांची उत्तरे मी देईन. पण माझ्या मते अडचणीचे मूळ ‘काहीच वाटत नाही’ या शब्दांत आणि त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि लाकडाची निवडसुद्धा त्या दोन गोष्टींवरूनच ठरवावी लागते.

मी वैनगंगेच्या खोऱ्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात राहतो. सुताराच्या घरात जन्मलो आणि वडिलांच्या हाताखाली वखर, डवरा, तिफण आणि बैलबंडी करायला शिकलो. विधीच्या साधनांकडे नंतर वळलो, त्याला आता १८ वर्षे झाली. या काळात स्वतःसाठी आणि माझ्याकडे विश्वासाने येणाऱ्या साधकांसाठी मी कांड्या, लाकडी ताटल्या, दिव्याचे पाट आणि सुऱ्यांच्या मुठी घडवल्या आहेत. लाकडात अंगची शक्ती असते की ती माणसाच्या एकाग्रतेतून येते, हा वाद मी येथे घेत नाही. तुमची परंपरा कोणती, बसायची जागा केवढी, हात केवढा आणि गावात कोणते झाड सहज मिळते, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. म्हणून पुढे जे लिहितो ते माझ्या हाताखालून गेलेल्या कामाचे समजून वाचावे.

पहिली गोष्ट अशी की, कांडीने काय करायचे हे घडवण्याआधी एका वाक्यात सांगता आले पाहिजे. आमच्याकडे बैल हाकायच्या काठीला तुतारी म्हणतात. चांगल्या शेतकऱ्याची तुतारी बैलाच्या अंगाला क्वचितच लागते. ती नुसती उजवीकडे उचलली की बैल वळतो, कारण त्या हालचालीचा अर्थ बैलाला आणि माणसाला रोजच्या सवयीने पक्का ठाऊक झालेला असतो. दुसऱ्याची तुतारी हातात घेऊन तुम्ही त्याच बैलांपुढे उभे राहिलात, तर ती फक्त एक काठी असते. कांडीचे काम मला याच जातीचे वाटते. जागेभोवती वर्तुळ आखणे, चार दिशांना नमन करताना दिशा दाखवणे, आणि मनातला संकल्प बोटाच्या टोकापुढे थोडा लांब नेणे, एवढेच तिचे काम असते. विकत आणलेल्या कांडीला तुम्ही अजून असे कोणतेच काम दिलेले नाही. तेव्हा ती गप्प राहिली यात तिचाही दोष नाही आणि तुमचाही नाही.

आता पुस्तकांविषयी. सॉलोमन राजाच्या नावावर चालत आलेल्या युरोपीय पोथीत कांडी हेझेलची असावी, फांदी एकाच वर्षाची असावी आणि ती बुधवारी सूर्योदयाला एका घावात तोडावी, असे सांगितले आहे. लंडनमध्ये १८८८ साली सुरू झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविधींच्या मंडळाने कांडी अग्नीची, पेला पाण्याचा, सुरी वायूची आणि ताटली पृथ्वीची अशी वाटणी केली. इंग्लंडमधला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाल्यावर जेराल्ड गार्डनर यांनी ज्या आधुनिक चेटूक-परंपरेला (तिला ‘विक्का’ म्हणतात) जाहीर रूप दिले, त्या परंपरेतल्या अनेक मंडळांत मात्र कांडी वायूची आणि सुरी अग्नीची मानतात. म्हणजे मूळ परंपरांतसुद्धा एकवाक्यता नाही. दोन पुस्तके शेजारी ठेवून तुमचा जो गोंधळ उडाला, तो तुमच्या समजुतीच्या कमतरतेमुळे नव्हे. एक परंपरा धरा आणि निदान वर्षभर तिच्यात बदल करू नका.

मात्र नियमामागचे कारण शोधले की बराच उलगडा होतो. हेझेल हे तिकडच्या कुंपणांतले आणि शेताच्या कडेचे झाड आहे. ते बुडाशी छाटले की एका वर्षात सरळ, बिनगाठीचे, बोटाएवढे फोक देते. साधकाला दाराबाहेर सहज मिळणारी, सरळ वाढलेली आणि आधी कशालाही न वापरलेली कोवळी फांदी हवी होती, आणि त्या देशात ती हेझेलची मिळाली. यवतमाळात बसून हेझेल मागवणे म्हणजे नियमाचे अक्षर पाळून त्याचे कारण सोडून देणे होय. तुम्हीही दाराबाहेर जाऊन पाहावे, असेच मला त्या नियमातून ऐकू येते.

आणि दाराबाहेर काही कमी नाही. लाकडाला विशिष्ट काम नेमून देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. श्रौत म्हणजे वैदिक यज्ञात जुहू नावाची पळी पळसाची, उपभृत् ही दुसरी पळी पिंपळाची आणि स्रुवा हा लहान चमचा खैराचा असतो. नवग्रहांच्या होमात सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर आणि शनीला शमी अशा समिधा आहेत. मुंजीच्या दंडाबद्दल स्मृतींमध्ये वर्णाप्रमाणे लाकूड वाटून दिले आहे. तो भाग मी मानत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या कोणालाही त्याप्रमाणे लाकूड देत नाही. पण दंड कसा असावा याचे तिथले वर्णन मला फार मोलाचे वाटते. तो सरळ असावा, त्याला व्रण नसावा, तो दिसायला सौम्य असावा, सालीसकट असावा, आगीने डागलेला नसावा आणि ‘अनुद्वेगकर’ असावा, म्हणजे पाहणाऱ्या माणसाला त्याची भीती वाटू नये. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा. तुमच्या आईच्या नाराजीकडे वळेन तेव्हा तो पुन्हा लागेल.

शिवाय तुमच्या घरी पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या उभ्या करत असतील. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत गावाबाहेर नेऊन टाकतात. घरातली रोगराई आणि इडापिडा एका फांदीवर सोपवून ती हद्दीबाहेर नेणे, हा विधी तुम्ही लहानपणापासून केलेला आहे. फांदीकडून असे काम करून घेणे म्हणजे काय, हे तुमच्या आईला माझ्यापेक्षा आणि कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक असणार. तिच्याशी बोलताना इथून सुरुवात करता येईल.

आता लाकूड. पळस सर्वांच्या मनात पहिला येतो आणि परंपरेचा विचार केला तर ते योग्यच आहे. पण सुतार म्हणून सांगतो की पळसाचे लाकूड मऊ, हलके आणि पोकळसर असते, त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही आणि हवेत ते लवकर किडते. पळसाची कांडी हवी असेल तर ती सालीसकट, साधी, बिनकोरीव ठेवावी आणि दोन-तीन वर्षांनी नदीत सोडून नवी घ्यावी. दरवर्षी नवी फांदी घेणे हाच कोणाच्या साधनेचा भाग असेल, तर पळसासारखे दुसरे झाड नाही. खैर याच्या अगदी उलट आहे. लाल, जड आणि इतका कठीण की पटाशीला पुनःपुन्हा धार लावावी लागते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बाभूळ तुमच्या कापसाच्या पट्ट्यात सगळीकडे आहे आणि वखराच्या, नांगराच्या कामाचे ते लाकूड आहे. कांडी होते, पण जड होते.

पहिल्या कांडीसाठी मी दोनच लाकडे सुचवतो. एक काळा कुडा. त्याचे लाकूड पांढरे, बारीक पोताचे आणि सर्व बाजूंनी सारखे कापले जाणारे असते. कर्नाटकात चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी याच लाकडाची करतात, यावरून त्याचा गुण समजावा. दुसरे शिवण. ते हलके असते, वाळल्यावर फारसे वाकत नाही आणि साध्या चाकूनेही कोरता येते. ज्यांना लवचीकपणा हवा असतो त्यांना मी धामणीचे लाकूड देतो, कारण कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करतात आणि ती वाकते पण मोडत नाही. बांबूची कांडीही उत्तम होते; मात्र बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगेरा तुटून पडतो, म्हणून तो हिवाळ्यात तोडून दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा आणि मगच वाळवावा.

काही झाडांना मात्र हात लावू नका. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. रुई समिधेसाठी पवित्र असली तरी तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बिब्ब्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी, रानात दुपारी घाईघाईने एक सरळ, देखणा फोक पाहून मी तोडला आणि तिथेच बसून साल सोलू लागलो. चीक मनगटावर आला तेव्हा जागा नुसती काळी पडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर पाण्याने भरलेले फोड उठले आणि पापण्या सुजून डोळे मिटले. पटाशी धरायला तीन आठवडे लागले. झाड पाने आणि फळे पाहून नक्की ओळखल्याशिवाय तोडायचे नाही, हा नियम त्या दिवसापासून मी मोडलेला नाही. ओळख पटत नसेल तर गावातल्या एखाद्या जाणत्या गुराख्याला दाखवावे.

फांदी कुठून घ्यायची, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. स्वतःच्या शेतातून किंवा मालकाला विचारून घ्यावी. राखीव जंगलातून, आणि ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पातून तर काडीही उचलू नये. साग, चंदन, खैर, मोह, तिवस अशी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी विनापरवाना पाडता येत नाहीत, त्यासाठी १९६४ पासून राज्याचा कायदा आहे. आणि एका कांडीसाठी आख्खे झाड पाडायचे कारणही नाही. गोंड समाजाच्या देवस्थानातल्या झाडांना, विशेषतः बडादेवाचे ठिकाण मानल्या जाणाऱ्या साजाच्या म्हणजे ऐनाच्या झाडाला, कधीही कुऱ्हाड लावू नका. दुसऱ्याच्या देवाचा अपमान करून मिळवलेली फांदी माझ्या घरात मी ठेवणार नाही.

याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना देतो, कारण नवीन साधक यात फसतात. बाजारात आणि इंटरनेटवर ‘हत्था जोडी’ नावाची वस्तू दुर्मीळ मुळी म्हणून विकतात. ती मुळी नव्हे. तो घोरपडीच्या नराचा वाळवलेला अवयव असतो. घोरपड, मांडूळ, घुबड, खवल्या मांजर आणि वाघ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यांचा अवयव जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या साधनासाठी मुका जीव तडफडून मेला ते साधन हातात धरून कोणती शांत बैठक होणार आहे?

तोडण्याची वेळ मी मार्गशीर्ष-पौषात धरतो. पावसाचे पाणी झाडातून उतरलेले असते, पालवीचा जोर अजून सुरू व्हायचा असतो आणि हवा थंड असल्यामुळे लाकूड सावकाश वाळते. बुधवारची पहाट तुमच्या परंपरेत असेल तर बुधवार पाळा. मला त्याचा उपयोग असा दिसला आहे की, ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ असली की माणूस आदल्या रात्रीपासून त्या कामात असतो. मी तोडण्याआधी झाडाच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालतो, काय न्यायचे आणि कशासाठी ते मोठ्याने सांगतो, आणि धारदार कोयत्याने एका घावात, पेराच्या वर तिरपा छेद घेतो. तिरप्या छेदावर पाणी साचत नाही आणि झाडाची जखम लवकर भरते.

आता ज्या टप्प्यावर सर्वांत जास्त कांड्या वाया जातात तो टप्पा, म्हणजे वाळवणी. इंग्रजी पुस्तकांत ‘उबदार, कोरड्या जागी ठेवा’ असे लिहिलेले असते. ते थंड आणि दमट देशासाठी लिहिलेले आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. माझी पहिली कांडी मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे छपराच्या आड्याला बांधून ठेवली होती. आठवड्यात ती टोकापासून मुठीपर्यंत उभी चिरली. लाकडातले पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघते. टोके आधी आकसतात, मधला भाग फुगलेलाच राहतो, आणि या ओढाताणीत तडा जातो. म्हणून तोडल्याबरोबर दोन्ही टोके वितळलेल्या मेणात बुडवावीत. साल लगेच काढू नये. फांदी हव्या त्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवावी, म्हणजे टोकाला चीर पडलीच तर ती छाटून टाकता येते. मग ती सावलीत, भाताच्या तुसात किंवा तणसाच्या ढिगात पुरून ठेवावी. तुमच्याकडे भात नसेल तर गव्हाचा कुटार चालतो.

अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांदीला तीन ते चार महिने लागतात. ती वाळली की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. किराणा दुकानातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि लिहून ठेवा. सलग तीन आठवडे वजन तेच राहिले म्हणजे काम झाले. दुसरी खूण कानाची आहे. ओली फांदी दगडावर आपटली तर आवाज दबलेला येतो, वाळलेली फांदी खणखणीत वाजते. माझे वडील वजन कधीच करत नसत. ते फांदी कानाजवळ धरून नखाने टिचकी मारत आणि ‘अजून पंधरा दिवस’ असे सांगत, आणि ते बरोबर निघे. हा कान मला यायला सहा-सात वर्षे लागली.

फांदीच्या मध्यभागी भेंडासारखा मऊ गाभा असतो आणि चिरा बहुतेक त्याच्यापासूनच सुरू होतात. अखंड फांदीचा आग्रह तुमच्या परंपरेत नसेल, तर मनगटाएवढी फांदी उभी फाडून गाभ्याबाहेरचा तुकडा घ्यावा. करवतीने चिरण्यापेक्षा कुऱ्हाडीने फाडलेला तुकडा चांगला, कारण तो लाकडाच्या रेषेप्रमाणेच फुटतो आणि रेषा टोकापर्यंत तुटत नाही. अशी कांडी सहसा मोडत नाही.

लांबीचा सर्वसाधारण दंडक कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आहे. आपला ‘हात’ म्हणजे २४ अंगुळे, तेच हे माप. पण तुम्ही दिव्यापुढे बसून विधी करता आणि खोली आठ बाय दहाची आहे असे लिहिले आहे. एवढ्या जागेत हातभर कांडी फिरवताना एक तर भिंतीला लागेल, नाही तर दिव्याला. तुम्ही १२ ते १३ इंच ठेवावी. मूठ अंगठ्याएवढी जाड आणि टोक करंगळीएवढे बारीक असावे. तर्जनीवर आडवी ठेवली असता तिचा तोल मुठीच्या थोडा पुढे यावा, म्हणजे हात थकत नाही.

घडवताना साल काढायची असेल तर आता काढा. चाकूची धार स्वतःपासून दूर ठेवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने पातळ ढलपे काढा. धार अडली आणि लाकूड उचकटू लागले की समजावे, रेषेच्या उलट जात आहोत. तुकडा फिरवून घ्यावा. गाठ आली तर ती कापून काढण्यापेक्षा कानशीने गोल करा. माझ्या स्वतःच्या कुड्याच्या कांडीवर मुठीच्या वर एक गाठ आहे. अंगठा आपोआप तिच्यावर येऊन थांबतो आणि अंधारातही कांडी सरळ धरली आहे हे कळते. नंतर ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने वापरा, आणि लाकडाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला दुपट्टा बांधा. हे काम एका बैठकीत संपवू नका. तुमच्या पहाटेच्या अर्ध्या तासातली शेवटची दहा मिनिटे या घासण्याला द्या आणि त्या वेळी तो एका वाक्यातला संकल्प मनात धरा. महिनाभराने तुमच्या हाताला त्या लाकडाचा प्रत्येक उंचवटा पाठ झालेला असेल, आणि ‘काहीच वाटत नाही’ ही तक्रार माझ्या अनुभवात याच महिन्यात मिटते.

तेलासाठी आपले जवस पुरेसे आहे. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडावर पातळ थर धरते. चिंधीने अगदी थोडे लावावे, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून टाकावे, आठवडा जाऊ द्यावा आणि असे तीन वेळा करावे. मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे तेल लावू नका. ते वाळत नाही आणि कांडी चिकट राहते. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र कधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते, आणि चुरगळलेल्या कापडात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात. ज्यांना चकाकी हवी असते त्यांच्यासाठी मी लाखेचा थर देतो. लाखेचा किडा आमच्याकडे पळसावर, बोरीवर आणि कुसुंबावर पोसला जातो. पळसाच्या कांडीला पळसावरचीच लाख लावली की मला विशेष समाधान वाटते.

स्फटिक लागत नाही. हवाच असेल तर नदीच्या पात्रातली किंवा शेतातली एखादी पांढरी गारगोटी निवडा आणि टोकाला सुताने बांधा. खाच पाडून डिंकाने बसवलेला जड दगड टोकाचा तोल बिघडवतो.

इतर साधनांची घाई नको. पाण्यासाठी घरातला तांब्याचा छोटा पेला चालेल, पण त्यात लिंबू किंवा दही ठेवू नये. ताटली मातीची करून घ्या. गावातल्या कुंभाराला सांगितले तर ओल्या मातीवर तुम्हाला स्वतःच्या हाताने चिन्ह उमटवू देईल. सुरी लोहाराकडून घडवताना पाते वीतभरापेक्षा लहानच ठेवा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला शस्त्र कायद्याचे नियम लागू होऊ शकतात, आणि विधीच्या सुरीला एवढ्या पात्याची गरजच नसते.

साधन ‘सिद्ध’ कोणी दुसऱ्याने करून द्यावे, हे मला पटत नाही आणि त्यासाठी मी कधी पैसे घेतलेले नाहीत. धूर, पाणी, मीठ आणि दिव्याची ज्योत यांवरून कांडी फिरवून तिला नाव आणि काम सांगावे, आणि नंतर सलग ४० दिवस तेच एक काम करावे. गाडगेबाबा बुवाबाजीचे कट्टर विरोधक होते, तेव्हा त्यांना या विषयात ओढण्याचा माझा हेतू नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या या माणसाच्या हातातला साधा खराटा लोकांना का पूज्य वाटला, याचा विचार मी पुष्कळदा करतो. तो खराटा त्यांनी रोज वापरला होता.

आता आई आणि शेजारी. गावात करणीचा आरोप किती वाईट थराला जातो हे मी पाहिले आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास एकट्या म्हाताऱ्या बायांना होतो. म्हणून साधन लपवू नका. बंद पेटीतली वस्तू भीती वाढवते, देवघरात किंवा खिडकीत उघडी ठेवलेली गुळगुळीत पांढरी कांडी कोणालाही भिववत नाही. तिच्यावर कवट्या, हाडे, काळा दोरा, शेंदूर असे काही नको. ‘अनुद्वेगकर’ हा शब्द मी याचसाठी सांगितला होता. आईला घासायला बसवा. दोन दिवस पॉलिश पेपर तिच्या हातात राहिला की ती वस्तू तिलाही परकी वाटणार नाही.

त्याचबरोबर स्वतःवर एक बंधन घाला. ही साधना स्वतःपुरती ठेवा. कोणी ताप, बाळंतपण, हरवलेले जनावर किंवा शेजाऱ्याची करणी घेऊन आले तर हात जोडून नकार द्या. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र करणे, आणि अमक्याने करणी केली असे सांगून बोट दाखवणे, हे त्याखाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. धानाच्या बांधीत साप चावलेला एक पोरगा दोन तास झाडफुकीत अडकून पडलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि शेवटी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेणाऱ्या दोघांत मी होतो. तो वाचला. त्यानंतर माझ्याकडे कांडी मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी आधी हे वचन घेतो की, आजारी माणसासमोर ती हातात धरायची नाही.

आता आषाढ आहे. मार्गशीर्षाला अजून बरेच दिवस आहेत. तोवर शेतात आणि धुऱ्यावर फिरून कुड्याची किंवा शिवणाची दोन-तीन झाडे हेरून ठेवा, पाने-फुले पाहून ओळख पक्की करा आणि तुमचे ते एक वाक्य वहीत लिहून पाहा. ते दहा वेळा बदलेल, बदलू द्या. विकत आणलेली कांडी फेकू नका किंवा रागाने मोडूही नका. ती हातात धरून मूठ जाड वाटते की बारीक, लांबी खोलीत मावते की नाही, टोक जड पडते का, हे पाहा आणि ती मापे त्याच वहीत लिहा.